गढी आणि वाडा (मराठी कथासाहित्यातील)

वतनदार, जहागीरदार आणि देशमुख-देशपांडे घराण्यांच्या राहत्या घरातील मालकवर्ग व राबणारा वर्ग यांच्यातील दरीचे मराठी कादंबरी, नाटक आणि आत्मकथन यांतील चित्रण. इंग्रजीत या विषयाची स्वतंत्र परंपरा आहे. काझुओ इशिगुरो यांच्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’ (१९८९) या कादंबरीत उमरावाच्या हवेलीची कथा तिथला मुख्य नोकरच सांगतो. ‘डाउनटन ॲबी’ (२०१०–१५) या मालिकेत मालक व नोकर यांची कथानके शेजारी शेजारी चालतात. मराठीत मात्र सदरेवरची कथा आणि गोठ्यातली कथा बहुधा वेगवेगळ्या पुस्तकांत, वेगवेगळ्या लेखकांनी सांगितली.

वास्तू व माणसे : मराठवाड्यात, विशेषतः नांदेड आणि लातूर भागात, गावातील उंचवट्यावर जाड मातीच्या भिंतींची, बुरुजांची गढी असे. दिंडी दरवाजातून आत गेल्यावर ढाळज, पुढे चौक, सदर, माजघर व देवघर आणि मागे परस, आड व गोठा अशी सर्वसाधारण मांडणी होती. छप्पर माळवदाचे; धान्य पेवात किंवा भिंतीतल्या बळदात साठवत. कोणी कुठवर यायचे हे जात आणि काम यांवरून ठरे. कारभारी व कुलकर्णी सदरेवर टेकत, रयत ढाळजेत थांबे, अस्पृश्य मानलेल्या जातींतील माणसांना दिंडीबाहेरूनच आवाज द्यावा लागे. इंग्रजी हवेलीतला नोकर पगारी होता आणि दुसरे घर गाठू शकत होता. इथे जातीने नेमून दिलेले काम बापाकडून मुलाकडे येई, त्यामुळे सुटकेची वाट फार अरुंद होती.

वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरे. ठरलेली रक्कम, ज्वारी, घोंगडी आणि पायताण असा साधारण मोबदला असे. आजारपणाला किंवा लग्नाला उचल घेतली की ती फिटेपर्यंत पुढची सालेही त्याच दारात जात. बलुतेदारांना खळ्यावर धान्य मिळे. वेठीच्या कामाला तेही नसे. घरातही उतरंड होती. विधवा आत्या, धाकटी जाऊ किंवा कारभारात वाटा नसलेला भाऊ यांचे दिवस कष्टात व मिंधेपणात जात, मात्र पंगतीत त्यांचे पान सालगड्यापासून दूरच मांडले जाई.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडे. तो स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी सत्ता संपली, १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० मध्ये हैदराबाद कूळ कायदा आला. वेठबिगारीवर देशभर कायद्याने बंदी आली ती १९७६ मध्ये. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर (१९३२–८२) यांनी हैदराबादच्या मुक्तिलढ्यावरील लेखनात या सरंजामी राजवटीची चिकित्सा केली.

सदरेच्या बाजूचे लेखन : निजामी मराठवाड्याचे जीवन मराठी कादंबरीत आणण्याचा मान परभणीचे बी. रघुनाथ (१९१३–५३) यांच्याकडे जातो. ‘आडगावचे चौधरी’ ही त्यांची या विषयाशी निगडित कादंबरी. कोकणातील खोत घराण्याच्या अनेक पिढ्यांचा पट श्री. ना. पेंडसे यांनी ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या द्विखंडात्मक कादंबरीत मांडला. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) हे नाटक नांदेडला लागून असलेल्या विदर्भातील धरणगावकर देशपांडे कुटुंबाचे आहे. अंगणात ट्रॅक्टर गंजत उभा आहे, शेती हातची निघून चालली आहे आणि मृत वडिलांच्या दिवसांसाठी पैसे जमत नाहीत, तरी घराण्याचा डौल सोडवत नाही. या घरात नोकरांची उणीव धाकटा भाऊ चंदू भरून काढतो. त्याच्या राबण्यातून वर्गभेद कुटुंबाच्या आतच दिसू लागतो. ‘मग्न तळ्याकाठी’ व ‘युगान्त’ हे या नाट्यत्रयीचे पुढचे भाग होत.

दिंडीबाहेरचे लेखन : लातूर जिल्ह्यातील काटगावचे रा. रं. बोराडे (१९४०–२०२५) यांच्या ‘पाचोळा’ (१९७१) या कादंबरीत खेड्यातल्या शिंप्याच्या संसाराची वाताहत त्याची बायको मराठवाडी बोलीत सांगते. गावातल्या सत्तेकडे खालून पाहणारी ही नजर नंतर आत्मकथनांत अधिक धारदार झाली. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) पाटलापासून दलित स्त्रीला झालेला मुलगा आपल्या जन्माचा जाब विचारतो. वाड्याच्या प्रतिष्ठेची किंमत कोणाच्या शरीराने चुकती केली, हे त्यातून उघड होते. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला (१९८७) साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या, पोलिसांच्या हजेरीला बांधलेल्या जमातीचे जगणे त्यात येते. गावगाड्यात बलुतेदाराला असणारी जागाही या जमातीला नव्हती.

मूल्यमापन : सदरेच्या बाजूच्या लेखनाने घराण्यांचा ऱ्हास बारकाईने टिपला, पण त्यात सालगडी, घरात राबणारी कुणबीण आणि वेशीवरचा येसकर बहुतांशी पार्श्वभूमीलाच राहिले. आत्मकथनांनी त्यांना नाव, भाषा आणि राग दिला. ऱ्हासाच्या कथेत घर मोडल्याचे दुःख आहे. आत्मकथनांत त्या घराने मोडलेल्या माणसांचे. मराठवाड्यातील सरंजामी घराचे खरे चित्र हवे असेल, तर ही दोन्ही प्रकारची पुस्तके एकत्रच वाचली पाहिजेत.