खालचा सा कोणाचा?

सा, ग, प, नि, रे हे पाच सूर एकदम दाबले की जॅझमधला मेजर नाइन्थ कॉर्ड होतो. हे वाचून मी हार्मोनियमवर तो बरेच दिवस वाजवत होतो. पण रेकॉर्डवर ऐकू येतो तसा तो कधी वाटलाच नाही, बोजड वाटायचा.

उलगडा झाला अहमद जमाल ऐकताना. १९३० साली पिट्सबर्गमध्ये जन्मलेले फ्रेडरिक जोन्स. पुढे इस्लाम स्वीकारून त्यांनी हे नाव घेतलं. जानेवारी १९५८ मध्ये शिकागोच्या पर्शिंग हॉटेलात झालेली त्यांची रेकॉर्ड शंभराहून जास्त आठवडे खपाच्या यादीत होती. त्यांच्या डाव्या हातात अनेकदा सा नसतोच.

जुना स्ट्राइड पियानिस्ट खालचा सूर आणि वरचा कॉर्ड डाव्या हाताने आळीपाळीने स्वतःच वाजवायचा. तिशीच्या दशकात काउंट बेसींच्या बँडमध्ये वॉल्टर पेज यांच्यासारखे बासवादक मात्रेमात्रेला खालचा सूर चालवू लागले, तसा पियानोचा डावा हात मोकळा होत गेला. पन्नाशीत तर सा सोडूनच दिला. उरले ग, प, नि, रे. पण ग ला सा मानून पाहा: सा, कोमल ग, प, कोमल नि. म्हणजे चक्क मायनर सेव्हन्थ! सूर तेच, खाली कोण उभं आहे त्यावर नाव ठरतं.

उलटापालट, म्हणजे इन्व्हर्जन, कशासाठी तेही इथेच कळतं. रे चा कॉर्ड म, ध, सा, ग असा धरा. प च्या कॉर्डसाठी फक्त सा चा नि करा. मग ग, प, नि, रे. तीन कॉर्ड झाले आणि हात जागचा फारसा हललाच नाही.

याचं श्रेय बहुतेक जण बिल इव्हान्सना देतात. ते थोर होतेच, पण जमाल आणि रेड गार्लंड त्यांच्या आधीपासून हे करत होते. आणि बासवादकाला तर कोणी विचारतच नाही. मी लेकीला खालचा सा धरायला बसवलं, तर म्हणाली, "एकाच सुरासाठी मला कशाला, अब्बा?" तिने हात काढला आणि कॉर्डचं नावच बदललं.

पर्शिंगमध्ये तो सूर इझ्रायल क्रॉस्बी यांच्याकडे होता. ते १९६२ साली, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी वारले.