सुई आणि चमचा



अमरगोळला मी शिक्षक असताना एक आई सहा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन माझ्याकडे आली. मुलाला सेरेब्रल पाल्सी होती. उजव्या हाताची मूठ आवळलेली. "गुरुजी, व्यवसायोपचाराला नेणे थांबवून सुयांचा उपचार सुरू करू का? दोन्हीकडे जाणे झेपत नाही," तिने विचारले. "तुम्हांला बरे वाटेल ते करा," असे उत्तर मी दिले. त्या पळपुट्या उत्तराची टोचणी आजही आहे. इतिहासाच्या आधाराने ते उत्तर आज पुरे करतो.

इंग्लंडमधील शल्यचिकित्सक विल्यम लिटल यांनी १८६२ साली अवघड बाळंतपण आणि मुलांच्या अवयवांतील ताठरपणा यांचा संबंध मांडला. जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच मेंदूला झालेली ही इजा पुढे वाढत नाही. पण मूल वाढते, स्नायू आखडतात. म्हणून उरलेल्या शक्तीला काय शिकवता येईल, हाच उपचाराचा मुख्य प्रश्न ठरतो.

या प्रश्नाला वाहिलेले शास्त्र आपल्या जवळच रुजले. अमरगोळ १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. त्या राज्याच्या राजधानीत, केईएम रुग्णालयात, १९५० साली कमलाबाई निंबकर यांनी व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाई विवाहाने निंबकर झाल्या होत्या. व्यवसाय म्हणजे येथे धंदा नव्हे. घास तोंडापर्यंत नेणे, बटण लावणे, खेळणे हाच मुलाचा व्यवसाय. जाड मुठीचा चमचा, नीट आधार देणारी खुर्ची आणि रोजचा सराव ही त्याची साधने.

ॲक्युपंक्चरची वाट वेगळी. १९३८ साली चीनच्या मदतीस गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते तेथेच निवर्तले. त्यामुळे सुयांची विद्या कोटणिसांनी आणली, असा समज होणे साहजिक आहे. परंतु ते शल्यचिकित्सक होते. ही विद्या पुढे चीनमध्ये शिकून १९५९च्या सुमारास कोलकात्यात आणली ती त्यांचे सहकारी डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलांवर या सुयांचे प्रयोग मुख्यत्वे चीनमध्ये झाले. त्यांपैकी बहुतेकांत व्यायाम व व्यवसायोपचार चालू ठेवूनच सुया दिल्या गेल्या. काही प्रयोगांत ताठरपणा कमी झाल्याची नोंद आहे. पण अनेक प्रयोग लहान आणि सदोष असल्याने सुईचा स्वतःचा वाटा किती, हे खात्रीने सांगता येत नाही. याउलट, हाताला प्रत्यक्ष काम देऊन शिकवण्याचा पुरावा अधिक भक्कम आहे.

मित्रहो, गरीब घरात आठवड्याचे दिवस मोजके, प्रवासाचे पैसे मोजके आणि मुलाची सहनशक्तीही मोजकी. म्हणून त्या माउलीला आज मी म्हणेन: बाई, सुया द्यायच्याच असतील तर डॉक्टरांना विचारून, फिट्स येत असतील तर ते आवर्जून सांगून, जाणकाराच्या हातून आणि निर्जंतुक सुयांनीच द्या. दोन्ही झेपत असतील तर हरकत नाही. पण एकच झेपत असेल, तर चमचा सोडू नका. मूठ सैल झाली तरी घास उचलायला तिला शिकवावेच लागते.

हे तेव्हाच सांगायला हवे होते.