शेवटच्या भागाचा निवाडा

बऱ्हाणपुराच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरांवर असीरगड उभा आहे. उत्तरेतून दक्षिणेत उतरणाऱ्या सैन्यांचा हा दरवाजा. १६०१ च्या जानेवारीत तो अकबराच्या हाती आला. १८०३ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, शिंद्यांस परत केला आणि १८१९ च्या एप्रिलात पुन्हा वेढा घालून घेतला. गडाची लढाई येथे संपली. बऱ्हाणपूरच्या माणसांची गोष्ट मात्र संपलेली नाही. गडावरील महादेवाच्या पिंडीवर पहाटे कोणीतरी ताजे फूल वाहून जातो, तो अश्वत्थामा, असे ती सांगतात. कपाळीच्या जखमेवर लावण्यास तो वाटसरूंकडे तेल-हळद मागतो, असेही सांगतात. नर्मदेची परिक्रमा करून आलेल्या मराठी मंडळींच्या तोंडूनही हीच कथा ऐकू येते.

या गडाचे स्मरण आम्हांस झाले ते एका अमेरिकन भयपटामुळे. मुखवटा घातलेला, हातात सुरा घेतलेला एक मारेकरी रात्रीच्या वेळी बेसावध माणसांस एकेक करून ठार करतो, अशा चित्रपटांस तिकडे ‘स्लॅशर’ म्हणतात. १९७८ साली जॉन कार्पेंटर या दिग्दर्शकाने अवघ्या तीन-सव्वातीन लाख डॉलरांत काढलेला ‘हॅलोवीन’ हा या जातीचा आदिपुरुष मानला जातो. २०२२ साली त्या मालिकेचा तेरावा भाग ‘हॅलोवीन एन्ड्स’ आला. शेवट होतो, असे त्याच्या नावातच लिहिलेले आहे. हा शेवट आहे की नाही, याचा निवाडा करावा, एवढाच आमचा हेतू.

प्रथम त्या आदिपुरुषाविषयी. महाभारताचे सौप्तिकपर्व ज्याने वाचले आहे, त्यास १९७८ हे जन्मवर्ष मान्य होणे कठीण. दुर्योधन पडलेला आहे, युद्ध संपलेले आहे. वडाखाली जागा असलेला अश्वत्थामा घुबडाने झोपलेले कावळे मारलेले पाहतो आणि त्यातून धडा घेतो. कृपाचार्य विरोध करतात, तो ऐकत नाही. शिबिरात शिरून तो धृष्टद्युम्नास लाथांनी तुडवून मारतो. निदान शस्त्राने मार, ही त्याची याचनाही मानीत नाही. नंतर द्रौपदीचे पाच पुत्र, नंतर शिखंडी. पळून दाराशी आलेल्यांस कृप आणि कृतवर्मा कापतात, आणि शिबिराला आग लावतात. बातमी सांगण्यास धृष्टद्युम्नाचा सारथी तेवढा उरतो. काळोख, झोप, अडवलेले दार आणि वाचलेला एकुलता साक्षीदार: स्लॅशरची सारी सामग्री येथे हजर आहे.

आमच्या कोकण-गोव्यातील भुते या जातीची नव्हेत, हे जाता जाता सांगितले पाहिजे. देवचार असो वा राखणदार, त्यास हद्द असते, मान असतो. नारळ, कोंबडा, विडी दिली की तो तडजोडीस येतो. ‘हॅलोवीन’मधील मायकेल मायर्सशी तडजोड नाही. तो बोलत नाही, मागत नाही.

अशा मारेकऱ्याची कथा संपवावी कशी? कायद्यात पूर्वन्याय नावाचे तत्त्व आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अकराव्या कलमात ते आले आहे. एकदा गुणदोषांवर निकालात निघालेला वाद त्याच पक्षकारांत पुन्हा उभा करता येत नाही. चित्रपटांच्या धंद्यास हे तत्त्व ठाऊक नाही. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चा चौथा भाग १९८४ साली ‘अखेरचा अध्याय’ म्हणून आला. १९८५ साली पाचवा आला, त्याचे नाव ‘नवा आरंभ’. ‘हॅलोवीन’ची तऱ्हा याहून वकिली. १९८१ साली मायकेल जळाला, १९८८ साली परतला. १९९८ साली लॉरी स्ट्रोडने, म्हणजे पहिल्या रात्री वाचलेल्या मुलीनेच, कुऱ्हाडीने त्याचे शिर उडवले. तो चांगला शेवट होता. परंतु २००२ साली खुलासा आला की मुखवट्याखाली दुसराच एक रुग्णवाहिकेवरील माणूस होता. मायकेलने त्याचा गळा चिरडून त्याची वाचा घालवली होती आणि आपले कपडे त्यास चढवले होते. शिक्षा अंमलात आल्यावर आरोपीच्या ओळखीची हरकत! आणि त्याच भागात लॉरीचा बळी गेला. जी बाई वीस वर्षे भीत जगून अखेर उभी राहिली, तिचा निकाल तिच्या पश्चात फिरवावा, तसे हे झाले. आमचा खरा राग यावर आहे. २०१८ साली नव्या दिग्दर्शकाने, डेव्हिड गॉर्डन ग्रीनने, १९७८ नंतरचे सर्व भाग रद्दबातल ठरवून लॉरीस जिवंत केले, हे एका परीने पुनर्विलोकनच म्हणावयाचे.

याच ग्रीनच्या त्रयीचा शेवट ‘एन्ड्स’. त्यात दोष पुष्कळ. मायकेल बराच वेळ एका भुयारात जखमी म्हाताऱ्यासारखा पडून राहतो, आणि पडदा कोरी नावाच्या एका तरुणाकडे जातो. त्याच्या हातून अपघाताने एक मूल दगावलेले असते. न्यायालय त्यास सोडते, गाव सोडत नाही. गावच्या तिरस्काराने तो हळूहळू मारेकरी होतो. प्रेक्षक यावर चिडले. मायकेलसाठी पैसे मोजून कोरी पाहावा लागला, ही त्यांची तक्रार. ती खोटी नाही. कोरीचे बिघडणे फार घाईने होते आणि लॉरीच्या नातीचे त्याच्यावरील प्रेम तर आम्हांस मुळीच पटले नाही. तरीही निर्दोष सुटलेल्या माणसास गाव काय करते, हे ज्याने कचेरीच्या आवारात पाहिले आहे, तो या कथेस उगाच घुसडलेली म्हणणार नाही.

शेवटच्या पाऊण घटकेत मात्र चित्रपट सावरतो. लॉरी आपल्या स्वयंपाकघरात मायकेलला मारते, नात तिला हात देते. मग प्रेत मोटारीच्या टपावर बांधतात. गावकरी मागोमाग निघतात, पोलीसही निघतात, आणि भंगाराच्या आवारात लोखंड चिरडण्याच्या यंत्रात ते प्रेत सर्वांदेखत ढकलले जाते. ही अंत्ययात्रा मुख्यतः गावासाठी आहे. २००२ ची पळवाट कोणास पुन्हा काढता येऊ नये म्हणून पंचांदेखत केलेला हा पंचनामा आहे. शेवट म्हणून तो आम्ही मान्य करतो. चित्रपट म्हणून १९७८ चाच श्रेष्ठ.

व्यासांनी दुसरा मार्ग घेतला. मारेकऱ्यास त्यांनी मारलेच नाही. कृष्णाने शाप दिला तो मुदतीचा: तीन हजार वर्षे एकट्याने, पू-रक्ताच्या दुर्गंधीसह भटकण्याचा. ही मुदत मूळ ग्रंथात स्पष्ट आहे. लोकांनी ती मोडली, त्यास चिरंजीवांत बसवले आणि असीरगडावर आणून ठेवले. पुढील भाग काढण्याचा हव्यास एकट्या अमेरिकन निर्मात्यांचाच आहे, असे कोणी समजू नये.

राहता राहिला मुद्देमाल. द्रौपदीने अश्वत्थाम्याच्या मस्तकावरील मणी मागितला होता. भीमाने तो आणून दिल्यावर तिने तो युधिष्ठिरास मस्तकी धारण करण्यास सांगितले. ‘एन्ड्स’च्या अखेरीस लॉरीच्या घरातील रिकाम्या खोल्या एकेक करून दिसतात, १९७८ च्या अखेरीस दिसल्या होत्या तशाच. तेव्हा त्यांतून मायकेलचा श्वास ऐकू येत होता. आता एका मेजावर त्याचा पांढरा मुखवटा ठेवलेला आहे.