काकडीचा घोडा, वांग्याची गाय

ऑगस्टच्या मध्यावर जपानी घरातल्या पितरांच्या चौरंगावर एक काकडी आणि एक वांगे उभे असते. दोघांना काड्यांचे चार-चार पाय. काकडी म्हणजे घोडा: पितरांनी दौडत घरी यावे. वांगे म्हणजे गाय: परतताना त्यांनी रमतगमत जावे. जपानच्या उन्हाळी उत्सवांच्या अभ्यासात शिरायला आतषबाजीच्या नदीकाठापेक्षा हा उंबरठा मला बरा वाटतो.

हा सण ओबोन. मूळ नाव उराबोन. प्रेतयोनीत भुकेने तळमळणाऱ्या आईला बुद्धशिष्य मौद्गल्यायनाने सोडवले, ही बौद्ध कथा त्यामागे आहे. परंपरा या नावाचा संबंध 'उल्लंबन', म्हणजे उलटे टांगले जाणे, या शब्दाशी लावते. बौद्ध ग्रंथांचे अभ्यासक सेइशी काराशिमा यांनी मात्र तो 'ओदन'शी जोडला; त्यांच्या मते अर्थ 'भाताचे भांडे'. पितृपक्षात भाताचे पिंड पाहिलेल्या मराठी वाचकाला हे चटकन पटेल. पण तेवढ्यावरून दोन्ही सण एकच ठरवू नयेत. आपण त्या पंधरवड्यात मंगलकार्य टाळतो; तिथे मधोमध मचाण उभारून त्याभोवती गाव नाचते. गुजो शहरात तर १३ ते १६ ऑगस्ट अशा चार रात्री पहाटेपर्यंत. उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांनी हा नाच हवाईतही नेला.

तारखांचा घोळ आधीच समजून घ्यावा. मूळ तिथी सातव्या चांद्रमासाची पंधरावी. १८७३ मध्ये सौर कालगणना आली आणि तोक्योने १५ जुलै धरला, बहुतेकांनी १५ ऑगस्ट. ओकिनावा चांद्र तिथीवरच राहिले.

आतषबाजीकडे वळताना थोडा संशय बाळगावा. सुमिदा नदीवरची आतषबाजी १७३३ मध्ये दुष्काळातल्या मृतांसाठी सुरू झाली, असे सर्रास छापले जाते. समकालीन कागदपत्रांत याला आधार नाही, असे अलीकडचे संशोधक म्हणतात. तरीही ही कथा लोकांना हवीशी का वाटली, हा प्रश्न मला तारखेहून मोलाचा वाटतो.

लोकसंस्कृतीचे अभ्यासक कुनिओ यानागिता यांनी १९४२ च्या ग्रंथात दोन शब्द वेगळे केले: 'मात्सुरी' आणि 'साइरेइ'. उत्सवाला नुसते बघे येऊ लागले की मात्सुरीचे साइरेइ होते. हा भेद अजूनही कामाचा आहे, पण त्यात बघ्यांवर थोडा अन्याय होतो. नागाओका पाहा. १ ऑगस्ट १९४५ च्या रात्री बॉम्बहल्ल्यात हे शहर जळाले. आज तिथे २ आणि ३ ऑगस्टला शिनानो नदीवर ९० सेंटिमीटर व्यासाचे, सुमारे ३०० किलो वजनाचे गोळे उडतात आणि लाखोंची गर्दी लोटते. त्या गर्दीतला बघा कोण आणि आप्त कोण, हे कसे निवडणार?

कधी जाणे झाले तर एक रात्र आधी पोहोचा. १ ऑगस्टला रात्री साडेदहाला, हल्ला सुरू झाला त्या वेळी, तिथे फक्त पांढरी शेवंती आकाशात फुलवतात.