ऊस एकच, पेले दोन

लग्नाच्या मांडवात मुलांच्या हाती दिला जाणारा लाल-गुलाबी पेला आता सातारा-सांगलीकडेही 'मॉकटेल' म्हणून ओळखला जातो. नावातच कॉकटेलची नक्कल आहे. मूळ पेय मद्याचे आणि हे त्याचे सोंग, असे तो शब्द गृहीत धरतो. कृष्णाकाठचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. आजचा धागा त्याविषयी.

इंग्लंडमध्ये ते गृहीतक काही अंशी खरे होते. एकोणिसाव्या शतकातील मद्यपानविरोधी चळवळीने तेथे दारूच्या गुत्त्याला पर्याय म्हणून निर्मद्य पेयांची दुकाने उभी केली. १९०८ साली मँचेस्टरमध्ये जॉन नोएल निकल्स यांनी काढलेले 'व्हिम्टो' त्याच वातावरणातले. आपल्याकडे पन्हे किंवा कोकम सरबत कोणी दारूऐवजी म्हणून केले नाही. ते उन्हाळ्यासाठी होते, पाहुण्यांसाठी होते.

या भागातील सर्वांत परिचित मिश्र पेय म्हणजे उसाचा रस. आपण त्याला मिश्र पेय म्हणत नाही एवढेच. ऊस, लिंबू, आले आणि बर्फ असे चार जिन्नस त्यात येतात. त्यातील आले सातारी असेल तर ते वेगळे सांगावे लागत नाही, जिभेला कळते! १९१० साली औंध संस्थानच्या भूमीवर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी किर्लोस्करवाडी वसवली. तेथे लोखंडी नांगराबरोबर उसाचे चरकही तयार होऊ लागले. चरक मुख्यतः गुऱ्हाळासाठी, पण रसवंतीचे यंत्रही त्याच कुळातले.

रसाचा एक दोष असा की तो थांबत नाही. सकाळी काढलेला रस उन्हात ठेवला तर संध्याकाळपर्यंत आंबू लागतो. हवेत आणि उसाच्या सालीवर असलेले यीस्ट साखर खाऊन मद्यार्क तयार करते. म्हणजे मुलांचे पेय आणि दारू यांच्यात कधीकधी केवळ काही तासांचे अंतर असते. ते अंतर टिकवण्याचा मार्ग मात्र उसाच्या मळ्यात नव्हे, कृष्णेच्या उगमाकडच्या डोंगरावर रुळला.

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी अत्यंत नाजूक. हंगाम हिवाळ्यापासून वसंतापर्यंतचा, आणि घाट उतरेपर्यंत फळ मऊ पडायचे. १९५९ साली पाचगणीत किशोर व्होरा यांनी स्ट्रॉबेरीचा जॅम करण्यास आरंभ केला. 'महाबळेश्वर प्रॉडक्ट्स' या शब्दांवरून 'मॅप्रो' हे नाव आले. पुढे पाचगणीची ओळख झालेली सिरप आणि क्रशच्या बाटल्यांची परंपरा याच वाटेने वाढली.

'क्रश' हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्याला कायद्याची व्याख्या होती. १९५५ च्या फळपदार्थ आदेशाने स्क्वॅश, क्रश आणि फळांचे सिरप यांत किमान २५ टक्के फळांचा अंश आवश्यक ठरवला. विरघळलेल्या घन पदार्थांचे, म्हणजे मुख्यतः साखरेचे, किमान प्रमाण मात्र वेगवेगळे होते: स्क्वॅशमध्ये ४० टक्के, क्रशमध्ये ५५, सिरपमध्ये ६५. या आकड्यांमागे निव्वळ गोडीचा हिशेब नाही. विरळ साखर यीस्टला पोसते. तीच साखर दाट झाली की त्याच्या पेशीतील पाणी ओढून घेते आणि आंबणे थांबवते. ज्या साखरेतून दारू होते, तीच पुरेशी घातली तर दारू होऊ देत नाही.

आणि ही साखर येते ती त्याच नदीच्या खालच्या अंगाने. क्षेत्र महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई, कराड करत सांगलीला पोहोचते, तोवर दोन्ही तीरांवर ऊस उभा असतो. १९५० च्या दशकात वसंतदादा पाटील यांच्या पुढाकाराने सांगलीत शेतकरी सहकारी साखर कारखाना आकारास आला. पुढे या खोऱ्यात कारखान्यांची रांगच लागली.

एक टन ऊस गाळला की साधारण शंभर किलोच्या वर साखर मिळते. सोबत चाळीस-पन्नास किलो मळी उरते. साखर सरबताकडे जाते, मळी आसवनीकडे. महाराष्ट्रातील देशी दारूचा पाया हाच मळीचा मद्यार्क. अनेक कारखान्यांच्या आवारातच आसवनी आहे आणि तिचे उत्पन्न कारखान्याच्या ताळेबंदाला आधार देते. तेव्हा मांडवातला गुलाबी पेला आणि गावाबाहेरच्या दुकानातली बाटली एकाच मोळीतून निघालेली असू शकतात.

येथे एक मोह टाळायला हवा. मुंबई राज्यात एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी होती आणि पाचगणीचा उद्योग त्याच काळात जन्मला, म्हणून तो दारूबंदीचे अपत्य, अशी जुळणी सुबक दिसते. माझ्या मते ती खोटी आहे. त्या उद्योगाला जन्म दिला तो टिकत नसलेल्या फळाने. दारूबंदी पुढे साठच्या दशकात सैल झाली, सरबताच्या बाटल्या राहिल्या.

दारूचा प्रश्नही राहिला. महाराष्ट्रात गावातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारू दुकानाबाबत मतदान घेता येते: 'उभी बाटली' की 'आडवी बाटली'. सातारा जिल्ह्यातील गावांनीही हे मतदान पाहिले आहे. अट कठोर आहे. केवळ मतदानास आलेल्यांच्या नव्हे, तर नोंदलेल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. मजुरीला गेलेली, माहेरी असलेली, आजारी असलेली प्रत्येक अनुपस्थित बाई हिशेबात उभ्या बाटलीच्या बाजूला जाते. आणि रांगेत उभ्या असलेल्या कित्येकींच्या घरचा ऊस त्याच हंगामात कारखान्याला गेलेला असतो.