पऱ्हाटीचा पराग आणि घरची सरकी

वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास सांगताना अमेरिकेतील यादवी, जिनिंगचे कारखाने आणि यवतमाळ-मूर्तिजापूरची अरुंद रेल्वे एवढ्यांवर आपण भागवतो. पऱ्हाटीच्या फुलात काय घडले, हे विचारण्याची आम्हां इतिहास लिहिणाऱ्यांना सवयच नाही. परंतु यवतमाळच्या शेतकऱ्याच्या घरातून बियाण्याची सरकी गेली, ती त्या फुलाच्या वाटेने.

पूर्वी रेच्यातून निघालेली सरकी पुढल्या मृगात पेरली जाई. पऱ्हाटीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, आणि बहुतेक फुले आपल्याच परागाने फळतात. म्हणून वाण बराचसा शुद्ध राही. सन १९७० मध्ये सुरतेच्या केंद्रात सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित वाण काढला. जगातील हा पहिला व्यापारी संकरित कापूस. पीक जोमदार येई, पण त्याची सरकी पुन्हा पेरली तर संततीत गुण फुटून झाडे निरनिराळी निघत. बियाणे दरसाल विकत घेणे भाग पडले.

हे बियाणे तयार कसे होते? उद्या उमलणाऱ्या कळीतील पुंकेसर आज सायंकाळी नखाने खरवडून काढायचे आणि सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग स्त्रीकेसरावर लावायचा. एकेका कळीचे हे काम! ते बायकांनी केले आणि, सांगताना संकोच वाटतो, अनेक ठिकाणी लहान मुलींनीही.

नखाचे हे काम निसर्गाकडूनच करवून घेता येईल काय, असा प्रश्न शास्त्रज्ञांना पडला. परागकोशाच्या आत पेशींचा एक पोषक स्तर असतो. मातृपेशीचे विभाजन होऊन चार बालपराग जन्मतात, त्यांना हा स्तर अन्न पुरवतो आणि योग्य वेळी स्वतः विरून जातो. कधी विरावे, हे जनुके ठरवतात. तो वेळेआधी ढासळला, तर पराग उपाशी मरतो. फूल दिसायला धड, पण नरवंध्य. हा दोष केंद्रकातील जनुकांमुळे असेल, तर मादी ओळीतील निम्मी झाडे सपराग निघतात आणि ती ओळखून उपटावी लागतात. पेशीद्रव्यातील दोष मात्र आईकडून सर्व संततीत उतरतो. असे पेशीद्रव्य गॉसिपियम हार्कनेसाय ह्या रानटी कापसात सापडले; मेयर यांनी ते १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. पित्याकडे मात्र जननक्षमता परत आणणारे जनुक हवे, नाहीतर शेतातली बोंडेच धरणार नाहीत.

अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाने ह्याच तत्त्वावर पीकेव्ही हायब्रीड-३ काढला. आमच्या मते वऱ्हाडच्या इतिहासात ह्या घटनेला पान मिळायला हवे. पण असे पितृवाण मोजकेच. बियाण्याचा धंदा बहुतांशी नखावरच राहिला. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा कंपन्यांनी तो गुण संकरित वाणांतच घातला. शेतकऱ्याला बोंडअळीपासून संरक्षण हवे होते. त्यासोबत दरसालची खरेदी पदरात पडली. अकोल्याच्या रजत ह्या सरळ वाणात नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटी गुण आणला, तो पुष्कळ उशिरा. त्याची सरकी मात्र घरी राखून पुन्हा पेरता येते.