धाव बसवणारे हात

पनवेलहून घाटावर परतणारी बैलगाडी एकेकाळी चाकांची एखाददुसरी जोडी घेऊनच निघे. गाडीची चाकं हा इथला मुख्य उद्योग, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरांत आहे. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता गाड्यांना खुला झाला, देशावरचा माल पनवेल बंदरात उतरू लागला आणि सुतार-लोहारांच्या हातांना काम मिळालं.

चाक एकट्याचं काम नव्हे. तुंबा, आरे, पाटे सुताराचे. वरची लोखंडी धाव लोहाराची. ही धाव घेराला मुद्दाम किंचित लहान ठेवायची, गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, तीन-चार जणांनी सांडशींनी एकदम उचलून चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आवळलं की सांधे करकचून बसत. एखादा आरा सैल राहिला असेल तर तो तिथेच उघडा पडे. पोरगं भाता ओढता ओढता शिके आणि म्हातारपणीही कसबी सुताराच्या हातात वाकस असे.

याच मुंबई-पुणे वाटेवर पुढे सॉफ्टवेअरचा धंदा रुजला. टीसीएस १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली. १९७४ मध्ये तिने अमेरिकेच्या बरोज कंपनीसाठी रुग्णालयाच्या प्रणालीचं रूपांतर केलं, तेही आयसीएलच्या, म्हणजे दुसऱ्याच बनावटीच्या यंत्रावर! त्या काळी संगणक मोजके. कागदावर लिहिलेला प्रोग्राम पंचकार्डांवर चढायचा आणि यंत्राची पाळी येईपर्यंत थांबायचं. सहकाऱ्याने आधीच चूक दाखवली तर एक फेरी वाचे.

एकमेकांचं काम तपासणारे असे संघ पुढे नोकरीपेक्षाही घट्ट झाले. पटनी कंप्युटर्सचा सॉफ्टवेअर विभाग सांभाळणारे नारायण मूर्ती सहा सहकाऱ्यांसह बाहेर पडले आणि १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस उभी राहिली.

पनवेलला लोकल आली १९९८ मध्ये. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. आता इथला इंजिनिअर लोकलने ऐरोली-महापे गाठतो, नाहीतर कळंबोलीला पुण्याची बस पकडतो.

या धंद्याची बढतीची शिडी मात्र सुताराच्या वाटेने गेली नाही. प्रोग्रामर, टीम लीड, प्रोजेक्ट मॅनेजर अशा पायऱ्या चढताना उत्तम हातातलं कोडच सुटतं. माणसं सांभाळणं हे मोलाचं काम आहे; पण ते वेगळं कसब आहे आणि ज्याचा जीव कोडमध्ये रमतो त्याला पगारासाठी तिकडे ढकलणं म्हणजे कारागीर गमावणं. काही कंपन्यांनी आता आर्किटेक्ट, प्रिन्सिपल इंजिनिअर अशी दुसरी शिडी उभी केली आहे. तिच्यावर वीस वर्षांचा अनुभवी माणूसही नवख्याचं कोड ओळ न् ओळ वाचतो आणि सैल जागा दिसली की त्याला शेजारी बसवून दाखवतो.